‘पास आउट’ होण्याचे अर्थ

परदेशी विद्यापीठांकडे जाणारे विद्यार्थ्यांचे अर्ज आज तपासत होते आणि त्यांतल्या एका वाक्यापाशी बराच वेळ गेला: ‘आफ्टर फोर इयर्स ऑफ हार्ड वर्क, आय पास्ड आउट इन मे 2023.’ मुंबईत हे वाक्य सहसा कोणाला खटकणार नाही, कारण आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातींतही ‘2023 पासआउट’ असे सर्रास छापले जाते. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला मात्र चार वर्षांच्या कष्टांनी हा मुलगा मे महिन्यात भोवळ येऊन पडला, असेच आधी वाटेल. त्यातही पार्टीच्या संदर्भात हे क्रियापद आले, तर दारू पिऊन शुद्ध हरपली असा अर्थ घेतला जातो, म्हणजे अर्जात तर ते नकोच.

तरीही हा प्रयोग सरसकट अशुद्ध ठरवणे मला पटत नाही. ब्रिटिश लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पूर्ण करण्याला आजही हेच म्हणतात, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले दीक्षांत संचलन इंग्रजीत ‘पासिंग आउट परेड’च असते. आपण हे क्रियापद परेडच्या मैदानावरून कॉलेजच्या वर्गात आणले, एवढेच. मराठी माणसाच्या तोंडी ते इतके सहज बसले, याचे मला मुळीच नवल वाटत नाही, कारण परीक्षा ‘पास होणे’ आपल्याकडे होतेच आणि ‘तो व्हीजेटीआयमधून बाहेर पडला’ असेही आपण म्हणतच आलो आहोत. (शिक्षण अर्धवट सोडणाराही बाहेरच पडतो, पण ते सांगताना आवाज जरा खाली येतो.)

तिसरा अर्थ वाटप करण्याचा. त्यात कर्म लागते आणि ते मध्येही येऊ शकते: ‘पास आउट द पेपर्स’ किंवा ‘पास द पेपर्स आउट’, सर्वनाम असेल, तर मात्र ‘पास देम आउट’ असेच म्हणावे लागते. शुद्ध हरपण्याच्या अर्थाला कर्मच नसते, त्यामुळे या दोहोंत घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो पदवीच्या अर्थाशी, कारण तिथेही कर्म नसते आणि वाक्याची घडण हुबेहूब तीच राहते.

अर्जात मी ‘ग्रॅज्युएटेड’ असा बदल सुचवला. अंधेरीच्या एका कंपनीसाठी त्याच मुलाने पाठवलेल्या बायोडेटातले ‘2023 पासआउट’ मात्र तसेच राहू दिले.