ग्रीन टी आणि फिटची गोळी

परभणीतील माझ्या औषधाच्या दुकानात ग्रीन टी पूर्वी वजन कमी करण्यासाठीच नेला जाई. आता फिटचा त्रास असलेल्या रुग्णांचे नातेवाईकही त्याची चौकशी करतात. मध्यंतरी जिंतूरकडच्या एका गृहस्थांनी मुलाच्या सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटवरील औषधाच्या चिठ्ठीशेजारी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची डबी ठेवली आणि विचारले, ‘‘भाऊ, ह्याच्यानं फिट थांबती म्हणे. मग गोळी बंद केली तर जमंल का?’’

त्यांनी ऐकले होते ते अगदीच निराधार नव्हते. मेंदूतील पेशींचा मोठा समूह एकाच वेळी प्रमाणाबाहेर विद्युतसंदेश सोडू लागला की फिट येते, आणि वारंवार येणाऱ्या फिटमुळे पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण व दाह वाढतो. पाने खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता दिल्यामुळे ग्रीन टीमध्ये टिकून राहणारे ईजीसीजी हे द्रव्य हा ताण आणि दाह कमी करते, आणि रसायन टोचून फिट आणलेल्या उंदरांमध्ये त्याने फिटची तीव्रता घटल्याचे दिसले आहे. मात्र अशा प्रयोगांत ते बहुधा थेट पोटात टोचलेले असते. आपण पितो त्या कपातले ईजीसीजी आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि त्यातले मेंदूपर्यंत पोहोचणारे त्याहूनही अल्प असते.

चहातील थिॲनिन या द्रव्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. माणसांच्या ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखात, ते शांत जागेपणाच्या अल्फा लहरी वाढवते, पण उंदरांवरील एका अभ्यासात त्याने मेंदूच्या एका भागातून उठणाऱ्या फिटला अटकाव केला, तर सर्वांगाच्या फिटचा उंबरठा मात्र खाली आणला, म्हणजे ती फिट अधिक सहज येऊ लागली. शिवाय फिट आवरणारे ॲडेनोसिन हे मेंदूचे स्वतःचे द्रव्य आहे, आणि चहातले कॅफिन नेमका त्याचाच मार्ग अडवते.

कॅप्सूलची मला अधिक काळजी वाटते. अर्काच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्ततपासणीत दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. व्हॅल्प्रोएट चालू असताना मुळातच यकृतावर लक्ष ठेवावे लागते, त्यात हा दुसरा भार कशासाठी घालायचा?

योग्य औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात, पण गोळी एकाएकी सोडली तर न थांबणारी फिट येऊन जीवावर बेतू शकते. मुलाने दिवसाकाठी कपभर ग्रीन टी प्यायला तर सहसा बिघडत नाही, मात्र तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, असे मी त्या वडिलांना सांगितले. डबी परत घेतली आणि महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या.