मेसेज गेला ते कळणार कसं?

नारळी पौर्णिमा झाली की मामाची बोट वेसाव्यातून सुटते आणि त्या रात्री मामी फोन उशाशी घेऊन झोपते, फोन येणार नाही हे माहीत असूनही, कारण बोट जरा आत गेली की मोबाईलची रेंज जाते, आणि वायरलेसचंही तेच, पृथ्वीची गोलाई मधे आली की आवाज बंद. मी टेलिकॉममध्ये नेटवर्क डिझाईन करते. सध्या टॉवर, विमानं आणि उपग्रह एकाच जाळ्यात कसे आणायचे यावर काम चालू आहे, आणि डोळ्यासमोर सारखी मामाचीच बोट येते.

उपग्रह आला की झालं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. ३५,७८६ किमीवरचा उपग्रह एका जागी दिसतो खरा, पण सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो आणि साध्या फोनची ताकद असते जेमतेम ०.२ वॅट. ५५० किमीवरचे जवळ पडतात, पण ते सेकंदाला साडेसात किमी पळतात. विरार फास्टमध्ये आपण पळतो, टॉवर जागेवर असतात, इथे बोट जागेवर आणि टॉवरच काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. शिवाय वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते ती वेगळीच, २ गिगाहर्ट्झला ताशी १०० किमीच्या लोकलमध्ये साधारण १८५ हर्ट्झ, इथे ४८ हजारांपर्यंत!

पण उपग्रहाचं टाइमटेबल पक्कं असतं. म्हणून थ्रीजीपीपी, म्हणजे मोबाईलचे जागतिक नियम ठरवणारी संघटना, तिच्या २०२२ च्या रिलीज १७ या नियमावलीत उपग्रह आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत राहतो, फोन जीपीएसवरून आपली जागा बघतो आणि उशीर किती, फ्रिक्वेन्सी किती सरकणार हा हिशोब आधी करून मगच बोलतो. मला हे फार आवडतं.

विमानांचं म्हणाल तर ३५ हजार फुटांवरून रेडिओ सरळ रेषेत ४०० किमीच्या आसपास पोचतो, त्यामुळे आखातात जाणारं विमान मधला दुवा होऊ शकतं. पण रात्री तीनला बोटीत पाणी शिरलं तर नेमकं तेव्हा वर विमान असेलच असं कोण सांगणार? विमान ही जादा वाट, भिस्त तिच्यावर नको.

गणपतीत मामाला हे सगळं वहीत काढून दाखवलं. दोराने कापून कापून जाड झालेलं बोट त्याने बोटीतून वर जाणाऱ्या बाणावर ठेवलं. "ही रेघ वर गेली. परत कुठून येते? मेसेज गेला ते मला कळणार कसं?"

खाली येणारा बाण मी काढलाच नव्हता. इस्रोचं बोटींवरचं संकटाचा इशारा देणारं यंत्र २०१० पासून आहे, पण पोचपावती परत बोटीवर यायची सोय त्याच्या दुसऱ्या पिढीत, २०२४ ला आली. एवढी वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बटण दाबून अंधारात वाट बघत बसायचा, कुणी ऐकलं का नाही ते न कळता.

आता माझ्या डिझाईनमध्ये त्या पोचपावतीची जागा सगळ्यात आधी राखलीये. काही बाइट्सच लागतात. कॉल, व्हिडिओ सगळं तिच्या मागे.