तीन नंबरची कॅप

टोलेडोहून आलेल्या गृहस्थांनी पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "क्रँक जड फिरतोय. बेअरिंग नवीन आहेत, इंजिन चाललं की मोकळं होईल असं मला सांगितलंय."

कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. डेट्रॉइटच्या परिसरात जुन्या इंजिनांचं मशीनिंग करणाऱ्यांच्या कानावर हे वाक्य नेहमी पडतं, आणि ते ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. क्रँक म्हणजे पिस्टनांची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनाचा दांडा. पिस्टन जोडण्याआधी, तेल लावलेल्या नव्या बेअरिंगांत क्रँक हातानं सहज फिरलाच पाहिजे. अडकत असेल तर तो चालवून मोकळा होत नाही. बेअरिंग जळतं आणि जाताना क्रँकलाही खराब करून जातं.

पिकअपमध्ये शेवरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट होतं, ३०२, म्हणजे ३०२ घनइंचांचं, म्हणून जमवलेलं. या आकड्यामागे शर्यतीचा एक नियम आहे. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या मोटार शर्यतीत इंजिन ३०५ घनइंचांच्या, म्हणजे पाच लिटरच्या आत असावं लागे. म्हणून १९६७च्या कॅमॅरो झेड/२८साठी शेवरलेनं आपल्याच ३२७ इंजिनाचा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) घेतला, त्याला २८३ इंजिनाचा तीन इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) दिला, आणि ३०२ तयार झालं. कागदावर २९० हॉर्सपॉवर, पण स्ट्रोक आखूड असल्यामुळे सात हजार आरपीएमपर्यंत चढणारं. शर्यतपटू मार्क डोनोह्यूनं १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ट्रान्स-ॲम गाजवलं ते कॅमॅरोवरच. १९६९नंतर गाडीसाठी हे इंजिन बनलं नाही. त्यामुळे अस्सल ३०२ ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, आज लोक वाट्टेल ती किंमत मोजतात.

गृहस्थ ट्रक चालवून निवृत्त झालेले. घरी १९६९ची कॅमॅरो, इंजिनाविना. जुन्या सुट्या भागांचे बाजार भरतात तिथून त्यांनी एकेक वस्तू जमवली होती: ब्लॉक एकाकडून, तीन इंची स्ट्रोकचा फोर्ज्ड क्रँक दुसऱ्याकडून, १८६ नंबरच्या कास्टिंगची हेड्स (सिलिंडरांवर बसणारे भाग) भंगारात निघालेल्या गाडीची. क्रँक त्यांनी स्वतः गॅरेजमध्ये बसवला होता, आणि नीट बसवला होता. बोल्टांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) बरोबर, बेअरिंगचे कान जागच्या जागी, तेल सगळीकडे.

संशय पहिल्यांदा क्रँकवरच जातो. तो काढला, व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि मधल्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, डायल लावून फिरवला. काटा एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भागसुद्धा हलला नाही. क्रँक सरळ होता. म्हणजे दोष ब्लॉकमध्ये.

क्रँक परत ठेवला आणि मेन बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे अर्धगोल तुकडे, एकेक करून आवळायला घेतल्या. पहिली, पाचवी, दुसरी, चौथी. प्रत्येक वेळी क्रँक अलगद फिरे. मग तीन नंबरची. टॉर्क रेंच 'टक्' झाला आणि क्रँक जाम. बोल्ट सैल केले, पुन्हा मोकळा. गृहस्थांच्या हातात रेंच दिला आणि म्हटलं, "तुम्हीच करून बघा." त्यांनी आवळलं, क्रँक धरून बघितला, सैल केलं, परत आवळलं. चेहरा उतरला त्यांचा.

शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या) काढून नुसती कॅप आवळली आणि जोडावरून नख फिरवलं. नख अडकलं. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांच्या शेजारी सरकलेले. बाकीची चार भोकं बोअर गेजवर २.६४१ इंचांच्या आसपास, गोल आणि एका रेषेत. शिवाय कॅप आपल्या खाचेत हातोडीची टपली मारल्यावर बसायला हवी. ही हातानं टाकली तर पडत होती. ती त्या ब्लॉकची नव्हतीच.

कारखान्यात कॅपा आवळून मग पाचही भोकं एकाच ओळीत बोअर करतात. त्यामुळे बोल्टची जागा जुळली, दिसायला हुबेहूब असली, तरी एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला चालत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकलो. तिथे जीपचं इंजिन असो की ट्रॅक्टरचं, कॅप सुटली की पंचानं आकडा मारल्याशिवाय बाकड्यावर ठेवू देत नसत. हा ब्लॉक विकणाऱ्याकडे कॅपांचा ढीग असणार, त्यातलीच एक याला लागली.

एक गोष्ट अशी निघाली की बाकीचंही तपासावंच लागतं. ब्लॉकच्या समोरच्या पट्टीवर, उजव्या हेडच्या पुढे, 'डीझेड' असा शिक्का होता. १९६९च्या ३०२ची ती खूण. पण कारखान्यातून आलेल्या पट्टीवर ब्रोचिंगच्या (पृष्ठभाग कापताना उठणाऱ्या) बारीक समांतर रेघा असतात. इथे टॉर्च आडवी धरली तर पट्टी गुळगुळीत, घासलेली. मग मागच्या फ्लँजवर ओतकामाची तारीख बघितली. पहिलं अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. शेवटी २ होता. ब्लॉक १९७२चा.

हे सांगताना मला जड गेलं. लोखंड चांगलं होतं, मधल्या तीन कॅपा चार-चार बोल्टांच्या होत्या, पण त्यांनी पैसे शिक्क्याचे मोजले होते. ते बराच वेळ ब्लॉककडे बघत राहिले. मग विचारलं, "याचं चांगलं इंजिन होईल का?"

मी म्हटलं, "शिक्का खोटा आहे, ब्लॉक नाही."

त्याच दुपारी चुंबकीय पावडरनं भेगा तपासल्या, एकही नाही. सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिकनं मोजली, भरपूर. बोअर मात्र झिजलेले होते, तेव्हा ३० थाऊ वाढवायचे ठरले. म्हणजे ३०२चं ३०६ होणार, ट्रान्स-ॲमच्या मर्यादेच्या किंचित वर. तीन नंबरला अर्धवट तयार मिळणारी नवीन कॅप घ्यायची. तिच्या कडेला माल जास्त ठेवलेला असतो, तो खाचेत घट्ट बसेल इतकाच काढायचा. मग पाचही कॅपा आवळून लाइन बोअर आणि होन, म्हणजे भोकं एका रेषेत कापून मापात घासायची. यात क्रँक केसभर वर, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) जवळ सरकतो आणि दोघांना जोडणारी टायमिंग चेन ढिली पडते. त्यासाठी पाच थाऊ आखूड चेन मिळते, तीच मागवली. हे विसरलं तर टायमिंग डगमगतं आणि माणूस महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

राहिला शिक्का. डेक, म्हणजे ब्लॉकचा हेड बसतं तो पृष्ठभाग, सपाट करताना दहा थाऊ काढायचे होते, आणि ही पट्टी डेकचाच भाग. ती वाचवून मशीनिंग करता येतं, आणि तसं करा म्हणणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. मी त्यांना विचारलं. "जाऊ द्या," ते म्हणाले, "उद्या माझ्या माघारी कुणी ही गाडी घेतली, तर त्यानं याचे पैसे मोजायला नकोत."

बिल करताना त्यांनी वरची ओळ स्वतः सांगितली आणि मी तशीच लिहिली: ब्लॉक १९७२, चार बोल्टच्या कॅपा, स्ट्रोक ३ इंच, ३०६ घनइंच, मूळ डीझेड नाही. त्याची एक प्रत गाडीच्या कागदांत ठेवायला त्यांनी वेगळी मागून घेतली.