परतीचं रॉकेट

दिवाळीतलं रॉकेट बाटलीतून सुटलं की त्याचा आणि आपला संबंध संपतो. वर जाऊन ते फुटतं, पोरं ओरडतात, आणि त्याची काडी पुढे कुणाच्या गच्चीवर पडली की कुणाच्या टकलावर, याची चौकशी करायला कोणी जात नाही. (उलट ती करायला कोणी आपल्याकडे आलं, तर घरात पळायचं असतं.) रॉकेटशी माझी ओळख एवढीच. कोलोरॅडोत राहायला आल्यावर मुलीच्या हट्टापायी मॉडेल रॉकेट बांधायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की या छंदातली निम्म्याहून जास्त अक्कल रॉकेट खाली आणण्यात खर्ची पडलेली आहे.

वर जायचं काम तसं बिनतक्रार होतं. पुठ्ठ्याची हलकी नळी, पुढे प्लास्टिकचं टोक, मागे बाल्सा लाकडाचे तीन-चार पंख. पंख कापताना लाकडाच्या रेषा पुढच्या कडेला समांतर धरायच्या, नाहीतर पहिल्याच आदळण्यात तुकडा पडतो. मग पॉलिश पेपर, मग डिंक, मग पुन्हा पॉलिश पेपर. सगळं जमलं की रॉकेटला त्याच्या तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ उडेल. वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, हा त्यातला हिशोब. दिवाळीच्या रॉकेटला ती लांबलचक काडी असते तीही याचसाठी.

खरी करामत मोटरीत असते. बोटाएवढी जाड, 70 मिलिमीटर लांब कागदी नळी, तळाला मातीचं अरुंद तोंड. आत ठासलेली असते जुनीच ओळखीची बंदुकीची दारू. ती जळते जेमतेम सेकंद-दोन सेकंद. त्यापुढे एक मसाला असतो, तो नुसता धूर करत सावकाश जळतो, ढकलत अजिबात नाही. रॉकेट तेवढा वेळ स्वतःच्या वेगावर वर जात राहतं. तो संपला की शेवटची चिमूटभर दारू मागे न उडता पुढे उडते आणि टोकासकट पॅराशूट बाहेर फेकते. मोटरीवर 'सी6-5' असं छापलेलं असतं. अक्षर एकूण ताकदीचं, आणि पुढचं प्रत्येक अक्षर मागच्याच्या दुप्पट. 6 हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. शेवटचा 5 म्हणजे धुराचे सेकंद. नवशिका अक्षर बघून मोटर घेतो, मुरलेला माणूस शेवटचा आकडा बघतो. तो आकडा लहान पडला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडतं आणि त्याची दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते. मोठा पडला तर रॉकेट नाक खाली करून निघालेलं असतं, आणि उघडायच्या आधी जमीनच आली तर बोलायलाच नको.

हे डोकं एका बुटांच्या दुकानदाराचं. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल यांचं दुकान होतं आणि त्यांना दारूकामाचा नाद होता. भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानांचा शौकीन. दोघांच्या खटाटोपातून 1954 मध्ये एक रॉकेट तयार झालं, त्याचं नाव 'रॉक-अ-शूट'. म्हणजे परतीचं पॅराशूट अगदी नावातच. 1957 मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह गेला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं घराच्या मागच्या अंगणात धातूच्या पाइपांत रसायनं ठासू लागली. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन याच धोक्याबद्दल स्पुटनिकच्या आधीपासून लिहीत होते. ते वाचून कार्लाइल यांनी स्पुटनिकच्याही आधी आपली रॉकेटं त्यांच्याकडे पाठवून दिली होती. स्टाइन यांनी त्या रॉकेटांचा धंदा उभा केला, पण हातानं मोटरी भरून मागणी पुरी होईना. मग डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी यंत्र बनवलं. त्याचं नाव मेबल, आणि ते साडेपाच सेकंदांना एक मोटर काढायचं. एस्टेस यांची कंपनी पुढे पेनरोझला गेली. आमच्या घरापासून गाडीनं दोनेक तासांवर. आमची मोटर बहुधा तिथूनच येते, त्यामुळे मला उगाचच ती गावाकडची वाटते.

पण मला सांगायचं होतं ते पॅराशूटच्या घडीबद्दल. वीतभर रुंदीचा प्लास्टिकचा पडदा, त्याला सहा दोऱ्या. आधी त्यावर टाल्कम पावडर चोळायची, कारण थंडीत प्लास्टिक प्लास्टिकला चिकटून बसतं. मग मधे चिमटीत धरून निमुळता करायचा, अर्धा दुमडायचा, दोऱ्या वरून सैल गुंडाळायच्या. घट्ट गुंडाळल्या तर पॅराशूट विड्यासारखं बांधलेलंच खाली येतं. त्याच्याखाली, मोटरीच्या बाजूला, न जळणाऱ्या कागदाचे चुरगळलेले बोळे. ते विसरलं तर पडदा वितळून गोळा होतो. शेवटी टोक बसवायचं. रॉकेट उलटं धरलं तर टोक पडता कामा नये आणि हलक्या हातानं ओढलं तर निघालं पाहिजे. सैल वाटलं तर चिकटपट्टीचा एक वेढा, घट्ट वाटलं तर पॉलिश पेपर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला इतकं नेमकं काम कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आई इथे होती. जेवणाच्या टेबलावर चाललेला हा पसारा बघून तिनं एवढंच विचारलं, "एवढं खपून केलंत, ते जाळायला का?" पण मैदानावर मात्र ती आम्हा सगळ्यांपेक्षा तयार निघाली. आई मूळची येवल्याची. संक्रांतीला तिच्या माहेरी तीन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. आसारी (म्हणजे पतंगाची फिरकी) धरत आणि पतंग कापला की 'वकाट' ओरडत मोठ्या झालेल्या माणसाला वारा शिकवावा लागत नाही. रॉकेट सुटलं की मुलगी आणि मी वर बघत त्याच्यामागे धावायचो. आई जागची हलायची नाही. पॅराशूट उघडल्यावर जरा वेळ बघायची आणि मुलीला म्हणायची, "बाळा, त्या पिवळ्या गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहा." रॉकेट तिथंच यायचं. मॉडेल रॉकेटवाले हेच सांगतात: नजर काढू नका, पडेल त्या दिशेची एखादी खूण धरून ठेवा. आईला कुणी हे सांगितलेलं नव्हतं.

तिचं आणि सुरक्षा नियमांचं एकाच बाबतीत वाजलं. विजेच्या तारांवर, उंच झाडावर अडकलेलं रॉकेट काढायला जायचं नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. कडेच्या झाडावर आमचं एक लाल रॉकेट आठवडाभर लोंबत होतं. "काठीला आकडा लावून दे, मी काढते," असं ती रोज म्हणायची. येवल्याच्या पतंगांना असे नियम नसावेत.

रॉकेट असं हातचं जाऊ नये म्हणूनच मुरलेली माणसं लहान मोटर घालतात. सी मोटरीवर छोटं रॉकेट तीनशे मीटर जातं, टाळ्या पडतात आणि मग ते वाऱ्याबरोबर पुढच्या वस्तीत उतरतं. ए मोटरीवर ते पुरेसं वर जाऊन पायाशी येतं आणि एका सकाळी चारदा उडतं. इथली हवा समुद्रसपाटीपासून मैलभर वरची, विरळ, त्यामुळे तसंही थोडं जास्तच जातं. शिवाय उन्हाळ्यात गवत वाळलं की आगीच्या भीतीनं बंदी येते, म्हणजे उडवायचे दिवस मोजकेच. त्यात रॉकेट हरवून कसं चालेल?

नियमात वाऱ्याची मर्यादा ताशी 32 किलोमीटर आहे. येत्या शनिवारी चाळीसचा अंदाज सांगितलाय. पॅराशूट काढून नुसती फीत लावली तर रॉकेट लवकर खाली येईल, हा मुलीचा युक्तिवाद बरोबर आहे, पण वारा नियमात बसत नाही. तेव्हा शनिवार रद्द. रविवारी पहाटे वारा पडतो, तेव्हा जाऊ, असं ठरलंय. उठायचं कोणी, यावर अजून बोलणी चालू आहेत.