आमची वाटचाल : समोरच्या छापखान्याशी झालेला समेट

गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावरील गाळ्यात माझ्या वडिलांनी छापखाना सुरू केला, तेव्हा छपाईचे एक जुने ट्रेडल मशीन, मराठी टाइपाच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) काही पेट्या आणि इतरांच्या छापखान्यांत जुळारी, म्हणजे टाइप जुळवणारा कारागीर, म्हणून केलेली नोकरी एवढेच त्यांचे भांडवल होते. आज त्या गाळ्यात कार्यालय आणि बांधणी विभाग आहे, छपाई साकीनाक्याला होते आणि आम्ही आठ जण काम करतो. यंत्रे कधी घेतली आणि ग्राहक कसे वाढले हेही सांगता येईल. परंतु ज्यांच्याशी आमचे बिनसले होते त्यांच्याशी पुन्हा जुळले म्हणून हा व्यवसाय टिकला, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याच प्रसंगांविषयी मी लिहीत आहे.

पहिला विरोध चाळीतूनच झाला. मशीनचा धडधडाट वरच्या मजल्यापर्यंत जाई आणि लग्नसराईत काम रात्री उशिरापर्यंत चाले, म्हणून बिऱ्हाडकरूंनी घरमालकाकडे लेखी तक्रार केली. वडिलांनी त्या तक्रारीला उत्तर लिहिले नाही. सर्वांत जास्त रागावलेल्या आजींच्या खोलीत, खाली मशीन चालू असताना, ते अर्धा तास जाऊन बसले आणि फडताळातली भांडी कशी थरथरतात ते त्यांनी स्वतः पाहिले. दुसऱ्या दिवशी मशीनच्या पायांखाली लाकूड आणि रबराचे जाड थर बसवले गेले, आणि रात्री 9 नंतर मशीन चालवायचे नाही असे ठरले. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल असावी, हा नियम 2000 साली आला. आमचे मशीन तोवर कित्येक वर्षे 9 वाजताच थांबत होते. त्या आजींच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका पुढे आम्हीच छापली.

खरी कसोटी लागली ती मी काम पाहू लागल्यावर, आणि त्यात चूक माझी होती.

गल्लीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक छापखाना होता. त्यांनी आमच्या आधी ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून छापणारे, मशीन घेतले. आम्ही खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, सोडायला उशीर केला. आमच्या भागात गणेशोत्सव मंडळांचे काम फार महत्त्वाचे. केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा आहे, तेव्हा गिरगावात या परंपरेची मुळे किती खोल आहेत हे सांगायला नको. वर्गणीची पावतीपुस्तके, कार्यक्रमपत्रिका आणि वार्षिक अहवाल असे वर्षाकाठचे काम मंडळाकडून येते. एक मंडळ गेले की त्याच्या कार्यकर्त्यांच्या घरच्या लग्नपत्रिका आणि त्यांच्या दुकानांची बिलबुकेही जातात. त्यामुळे दोन्ही छापखान्यांत दर पाडण्याची चढाओढ सुरू झाली, आणि कागद व प्लेटचा खर्च वजा जाता कोणाच्याच हाती काही उरेना.

अशातच एका मंडळाच्या चिटणीसांनी मला समोरच्यांचा कमी दर ऐकवला, तेव्हा ‘ते 70 जीएसएम सांगून 58 जीएसएमचा कागद लावतात’ असे मी बोलून गेलो. मी त्यांचे पावतीपुस्तक हातातही घेतले नव्हते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन; बारीक काट्यावर मोजून कापलेला तुकडा ठेवला की खरे-खोटे कळते. तेवढेही कष्ट न घेता मी एका माणसाच्या सचोटीवर बोट ठेवले होते. दोन दिवसांत ते वाक्य त्यांच्या कानावर गेले. ते भांडायला आले नाहीत. त्यांनी आमच्या दोन मोठ्या ग्राहकांचे काम तोटा सोसून करून दिले, आणि गल्लीत समोर आलो तरी मान वळवू लागले. असे वर्षभर चालले.

शेवटी मी वडिलांना सगळे सांगितले. माझा विचार सरळ त्यांच्याकडे जाऊन माफी मागण्याचा होता. वडील म्हणाले, ‘त्यांच्याकडे नंतर जा. आधी चिटणीसांकडे जा. जिथे बोललास तिथेच शब्द मागे घे.’ मी एक पावतीपुस्तक मिळवले, कागद तोलला, तो 70 जीएसएमच भरला. मग चिटणीसांसमोर आणि मंडळाच्या आणखी दोघांसमोर मी खोटे बोललो होतो असे स्पष्ट सांगितले. ते काम साहजिकच समोरच्यांकडे राहिले. समेटासाठी गेलेल्या माणसाने काही गमावण्याची तयारी ठेवली नाही, तर समोरच्याला ती नवी युक्ती वाटते, हे मला तेव्हा उमगले.

त्यानंतर मी त्यांच्या छापखान्यात गेलो. त्यांनी बसायला सांगितले नाही. मी उभ्यानेच म्हणालो, ‘काका, तुमच्या कागदाबद्दल मी खोटे बोललो. मंडळात जाऊन तसे सांगून आलोय.’

‘कागद तोललास का?’

‘तोलला. सत्तरच भरला.’

‘मग आता बस.’

चहा आला आणि मग त्यांनी आपल्या मनातला जुना सल सांगितला. कितीतरी वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, माझ्या वडिलांनी त्यांचा एक जुळारी जास्त पगार देऊन आमच्याकडे आणला होता. मला याची कल्पनाच नव्हती. घरी विचारले तेव्हा वडील क्षणभर गप्प राहिले आणि ‘खरे आहे’ एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गल्ली ओलांडून गेले. दोघांत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

पुढे आम्ही काय ठरवले आणि काय ठरवले नाही, हेही सांगायला हवे. दरांविषयी आम्ही कोणताही समझोता केला नाही. स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवण्यास स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 नुसार मनाई आहे. पण कायदा नसता तरी आमच्या समेटाची किंमत ग्राहकाने मोजावी हे मला मान्य झाले नसते. एकाचे मशीन बंद पडले तर दुसऱ्याने काम करून द्यायचे, आणि असे काम करताना पार्सलवर ज्याचा ग्राहक त्याचेच लेबल लावायचे, एवढेच ठरले.

याची प्रचिती 26 जुलै 2005 नंतर आली. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे पाणी आजूबाजूच्या वस्तीत शिरले. गिरगाव ज्या दक्षिण मुंबईत आहे तिथे, कुलाब्याला, मात्र त्याच्या दहाव्या भागाइतकाही पाऊस नव्हता. आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात कंबरभर पाणी, मशीनची मोटर बुडालेली, कागदाची रिमे फुगून फाटलेली, आणि गिरगावात काकांचा छापखाना कोरडा. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. मी फोन करण्याआधीच त्यांचा निरोप आला की रात्रपाळी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, प्लेटी घेऊन या. त्या महिन्यात आमचे एकही मंडळ पावतीपुस्तकांवाचून राहिले नाही. आता त्यांचा मुलगा काम पाहतो. बहुरंगी छपाई आम्ही त्यांच्याकडे देतो, आणि त्यांचे नंबरिंग, परफोरेशन (पावती फाडता यावी म्हणून पाडलेली छिद्रे) आणि बांधणी आमच्याकडे येते.

थकलेल्या बिलाचा प्रसंग थोडक्यात सांगतो. एका कंपनीने माहितीपुस्तिकांचे पैसे अडवून ठेवले होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागते, आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्या आधारे आम्ही अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज केला. तेथे लवादाच्या आधी सलोख्याची फेरी होते, आणि त्या फेरीत दिलेली कबुली पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. कारण तिच्यामुळेच दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या. काही प्रतींचे लॅमिनेशन सुटत होते, हे मी मान्य केले. तक्रार वेळेवर कळवली नाही, हे त्यांनी मान्य केले. आम्ही व्याज सोडले आणि खराब प्रतींची रक्कम वजा केली, त्यांनी उरलेले पैसे दिले. ती कंपनी आजही आमची ग्राहक आहे.

एक माणूस मात्र अजून परतलेला नाही. आमच्याकडे अनेक वर्षे बांधणी करणारे एक कारागीर नोकरी सोडून गेले, तेव्हा त्यांनी ग्रॅच्युइटी मागितली. तेव्हाचा उपदान (ग्रॅच्युइटी) प्रदान अधिनियम, 1972 दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि आमच्याकडे तेवढी माणसे कधीच नव्हती, असे उत्तर मी त्यांना दिले. उत्तर कायद्याला धरून होते, तरीही ज्याने आमच्या प्रत्येक पुस्तकाची शिलाई स्वतःच्या हाताने घातली त्याला ते द्यायला नको होते. दोन वर्षांनी मी दर वर्षाच्या सेवेसाठी 15 दिवसांचा पगार या हिशेबाने पूर्ण रक्कम काढली आणि धनादेश त्यांच्या लालबागच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, वटवला, पण माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. खंडेनवमीला आम्ही सर्व मशीनांची पूजा करतो, आणि शिलाई मशीनला पहिला हार पूर्वी तेच घालत असत. दर वर्षी आदल्या दिवशी मी त्यांना फोन करून बोलावतो. यंदाही करणार आहे, आणि ते येईपर्यंत त्या मशीनचा हार ताटातच ठेवणार आहे.