तो आडवा व्हायला तयार नव्हता

रात्री तीनच्या सुमाराला कॅज्युअल्टीतून फोन आला. "मॅडम, सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, छातीत दुखतंय, ईसीजीत एसटीची रेघ वर गेलीय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन काढून ठेवलंय. सुरू करू?"

"मी येईपर्यंत थांब," म्हणाले आणि जिना उतरले.

मुलगा खाटेच्या कडेला पाय सोडून, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसला होता. सिस्टर वैतागल्या होत्या. तीनदा आडवं केलं, तीनदा हा उठून बसला. मला मात्र तिथेच शंका आली. हार्ट अटॅकचं दुखणं सहसा बसलं काय, झोपलं काय, तसंच राहतं. याचं आडवं झालं की वाढत होतं, खोल श्वास घेतला की सुरी फिरवल्यासारखं होत होतं आणि डाव्या खांद्याच्या वर, मानेच्या मुळाशी जात होतं. दहा दिवसांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेला होता. ते कोणी विचारलंच नव्हतं.

ईसीजी हातात घेतला. एक रक्तवाहिनी बंद पडली तर तिच्या भागापुरत्या लीड्समध्ये, म्हणजे हृदयाच्या त्या बाजूने काढलेल्या आलेखांमध्ये, एसटी उचलते आणि बऱ्याचदा समोरच्या लीड्समध्ये खाली जाते. इथे जवळजवळ सगळीकडे उचललेली, तीही वाटीसारखी खोलगट. शिवाय पीआरची रेघ खाली उतरलेली. एव्हीआर या एका लीडमध्ये नेमकं उलटं. फोन करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरने एसटी पाहिली आणि तिथेच तो थांबला. त्याला दोष देत नाही. रात्री तीनला मीही कधीकाळी तेच केलं असतं.

मुलाला आणखी पुढे वाकवलं, श्वास सोडून धरायला सांगितलं आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला स्टेथोस्कोप दाबून धरला. खर्र-खर्र. कोरं चामडं करकरावं तसं. हृदयाभोवतालच्या पिशवीचे सुजलेले पदर एकमेकांवर घासत होते. पेरिकार्डायटिस.

"ऐक," म्हणून स्टेथोस्कोप रेसिडेंटच्या कानाला लावला. त्याला काहीच ऐकू येईना. मी पुन्हा लावला, तर मलाही नाही! हा आवाज असाच लहरी असतो. रेसिडेंट अदबीने गप्प राहिला, पण त्याची नजर इंजेक्शनच्या ट्रेकडे गेलीच. त्यात ट्रोपोनिनही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, थोडं वाढलेलं आलं. क्षणभर माझेही पाय डळमळले. ते इंजेक्शन दिलं असतं तर सुजलेल्या पिशवीत रक्त साचू शकलं असतं, आणि ती पिशवी झटकन ताणत नाही. आतलं हृदयच आवळलं जातं. पण हा खरंच अटॅक असेल तर?

कार्डिऑलॉजिस्टना उठवलं. त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या सगळ्या भिंती छान हलत होत्या, भोवती पाण्याचा पातळ थर, दाब कुठेच नाही. ट्रोपोनिनचा अर्थ एवढाच, की सूज स्नायूच्या वरच्या थरालाही थोडी लागली होती. पहाटे तो आवाज परत आला आणि रेसिडेंटने स्वतः ऐकला. इंजेक्शन त्यानेच कपाटात परत ठेवलं.

औषध ऐकून वडिलांना पटेना. "एवढ्यावरच?" आयब्युप्रोफेन ६०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, पोटासाठी एक गोळी, आणि सूज उतरवणारं कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन महिने. स्टेरॉइडने दुखणं पटकन थांबतं खरं, पण दुखणं उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून स्टेरॉइड सुरुवातीला टाळतात. तीन महिने धावणं, खेळणं बंद, हे मी दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो उताणा झोपला होता. बाकी काही विचारायची गरजच नव्हती.

साधारण दोन महिन्यांनी ओपीडीबाहेरच्या बाकावर एक मुलगा दिसला, कोपरे गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलेला. चेहरा दिसायच्या आधीच ओळखला.

"गोळ्या सोडून किती दिवस झाले?"

"बारा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि रविवारी फुटबॉल खेळलो."