बसल्या जागी धाडस

"नागपुरात ना डोंगर, ना समुद्र. आणि तुम्ही गादीवर बसून कडे चढायचा खेळ काढता! बसल्या जागी धाडस कसलं?" शाळेतल्या सहकारी शिक्षकांपासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालं आहे. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी खेळ कसा असतो ते. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार. तो कडा, हवा, वेळ यांचं वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी डावा पाय त्या खाचेत रोवते" असं आपलं काय ते बोलून दाखवतात. जे आधी ठरवता येत नाही, ते फासे ठरवतात. या प्रकारातला पहिला मोठा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात राक्षस आणि भुयारं होती. मला कातळ, दोर आणि वारा हवा होता.

पहिला मसुदा मी त्याच वळणावर केला होता, वीस बाजूंच्या फाशाचा. निष्णात चढणाऱ्याला प्रत्येक पकडीला एकदा फासा टाकायचा आणि 'एक' पडला तरच हात सुटायचा. म्हणजे शंभरात पाच वेळा. ऐकायला किती कमी वाटतं! पण वीस पकडींचा कडा घ्या. ०.९५ ला वीस वेळा स्वतःशीच गुणलं की जेमतेम ०.३६ उरतात. शंभर निष्णात गडी निघाले तर चौसष्ट वाटेतच पडले. मी गणित शिकवते. हा गुणाकार फळ्यावर मांडला तेव्हाच कळलं की हा कड्याचा खेळ नाही, ही लॉटरी आहे. चढणारी माणसं अशी चढत नाहीत.

कशी चढतात, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. कॉलेजात असताना पचमढीच्या एका शिबिरात गेले होते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. तिथे १,३५० मीटरचं धूपगड पाहिल्यावर आमची सगळी बॅच गप्प झाली होती. तिसऱ्या दिवशी मी दोराला बांधून पुढे चढत होते. पोटाशी आठची गाठ, खाली बिले देणारी, म्हणजे माझा दोर धरून सांभाळणारी मैत्रीण. दोर अडकवायला खडकात ठोकलेल्या शेवटच्या बोल्टपासून तीनेक मीटर वर आले होते आणि माथा राहिला होता दोन पुरुष उंचीवर. खालून शिबिराचे दादा म्हणाले, "खाली ये." मी म्हटलं, "दादा, झालंच आहे!" ते तेवढ्याच शांतपणे पुन्हा म्हणाले, "खाली ये."

रात्रभर मी धुसफुसत होते. सकाळी त्यांनी समजावून सांगितलं. पश्चिमेकडून ढग येत होते. पचमढीचा खडक वालुकाश्म. तो भिजला की आत्ता भक्कम वाटणारी पकड हातात निघून येते. आणि बोल्टच्या तीन मीटर वरून हात सुटला, तर माणूस तीन मीटर पडत नाही. तीन मीटर बोल्टपर्यंत आणि तीन मीटर बोल्टच्या खाली, असा सहा मीटर पडतो, वर दोर ताणला जातो तो वेगळा. माझी बोटं थरथरत होती हेही त्यांनी खालून पाहिलं होतं. ढग, खडक, अंतर, बोटं. चार गोष्टींचा हिशेब त्यांनी दोन शब्दांत संपवला होता. मला हेच खेळात हवं होतं. वर जाण्याचं बळ अंगात असताना "वापस" म्हणता येणं. धाडसाच्या खेळांमधला सगळ्यात अवघड क्षण तो आहे, आणि तो डोक्यात घडतो. म्हणून तो गादीवर बसूनही घडवता येतो.

ॲलेक्स होनॉल्डचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ३ जून २०१७ ला कॅलिफोर्नियातला एल कॅपिटन, सुमारे ९०० मीटरचा कडा, तो दोराशिवाय एकटा ३ तास ५६ मिनिटांत चढला. पण त्याआधी त्याच वाटेवर दोर लावून त्याने कितीतरी वेळा सराव केला होता, अवघड पकडींचा क्रम पाठ केला होता. आणि २०१६ च्या शरदात तो एकदा दोराशिवाय निघाला आणि थोडं वर जाऊन परत फिरला. लोक २०१७ ची गोष्ट सांगतात. माझ्या खेळाचे नियम मी २०१६ च्या त्या दिवसापासून लिहायला घेतले.

वाट दाखवली ती मात्र आपल्या विदर्भाच्या जावयाने. वनपर्वात नलराजाची कथा आहे. द्यूतात राज्य घालवलेला नल, नाव बदलून, अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. दोघं दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी कुंडिनपूरला निघतात. रथाचा वेग असा की ऋतुपर्णाचं उत्तरीय खाली पडतं आणि तो "थांब" म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेलं असतं. मग वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. त्याची पानं आणि फळं किती, ते ऋतुपर्ण नुसतं पाहून सांगतो. नल झाड पाडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, म्हणजे फाशांचं मर्म. आणि जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत! मी लहानपणापासून ऐकलेली ही कथा, पण खेळ करायला बसल्यावर ती नव्याने उमगली. ज्याला मोजता येतं, त्याला फासे नाचवू शकत नाहीत. माझ्या खेळाडूलाही मोजता आलं पाहिजे.

म्हणून फासे गेले आणि बटवा आला. बटव्यात वीस चिंचोके, सोळा साधे, चार लाल रंगवलेले. कड्याच्या पट्टीवर घरं आखलेली. एक घर वर जायचं तर न बघता एक चिंचोका काढायचा, आणि काढलेला परत टाकायचा नाही. तिसरा लाल निघाला की हात सुटला. दोर बोल्टला अडकवायचा असेल तर एक चिंचोका जादा काढावा लागतो, कारण तेवढा वेळ एका हातावर लटकायचं असतं. पडलात तर शेवटच्या बोल्टपासून जितकी घरं वर होतात, त्याच्या दुप्पट खाली. उतरायचं ठरवलंत तर पकडी ओळखीच्या असतात, म्हणून बोल्टपर्यंत यायला एकच चिंचोका. आणि सुखरूप उतरलात, तर पुढच्या वेळी त्याच कड्यासाठी बटव्यात दोन साधे चिंचोके वाढतात.

(लाल रंगाने एकदा घोळ झाला. नेलपेंटचे चिंचोके बोटांना वेगळे लागतात हे माझ्या भाच्याने दुसऱ्याच डावात ओळखलं. आता साध्या चिंचोक्यांनाही बिनरंगी नेलपेंटचा हात दिला आहे.)

मे महिन्यातली एक रात्र सांगते. कूलरचा झोत थेट कागदांवर येत होता, म्हणून प्रत्येकाची शीट स्टीलच्या पेल्याखाली दाबलेली. शेजारच्या काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, पहिल्यांदाच खेळत होत्या. तेरा चिंचोके बाहेर, अकरा साधे, दोन लाल. बटव्यात उरलेले सात, त्यात दोन लाल. माथा तीन घरांवर, शेवटचा बोल्ट चार घरं खाली.

"काकू, काढा ना! पाच साधे आहेत, दोनच तर लाल," भाचा म्हणाला.

काकूंनी बाहेरचे चिंचोके ओळीत लावले. मग माझ्याकडे पेन मागितलं आणि शीटच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. पाच सप्तमांश, गुणिले चार षष्ठांश, गुणिले तीन पंचमांश. उत्तर आलं दोन सप्तमांश.

"हा एका चिंचोक्याचा विचार करून राहिला," त्या म्हणाल्या. "मला ओळीने तीन साधे पाहिजेत. सातात दोनदा पोहोचीन, पाचदा पडीन, आणि पडले तर निदान आठ घरं. मी खाली जाते."

"वापस? इतक्या जवळून?"

"हो."

खोलीत नुसता कूलर ऐकू येत होता. काकूंनी परतीचा चिंचोका काढला. मूठ उघडली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, आणि ते पाहून माझी बोटं आठवून माझ्या घशात आवंढा आला. साधा निघाला. दोन रविवारांनी त्या त्याच कड्याखाली पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी बटव्यात बावीस घेऊन.

धाडसाच्या सगळ्या खेळांना हा एकच नियम चालत नाही. विमानातून उडी मारणाऱ्याजवळ दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. बेस जंपिंगमध्ये, म्हणजे इमारत, टॉवर, पूल किंवा कड्यावरून उडी घेताना, बहुतेक एकच. राखीव उघडायला तेवढी उंचीच नसते. तिथे काठ सुटल्यावर परत फिरणं नाही. म्हणून माझ्या नियमांच्या त्या प्रकरणात काठावर उभं असताना हवे तितके चिंचोके काढून बघता येतात, परत टाकता येतात, दुसऱ्या दिवशी येता येतं. "उडी" हा शब्द उच्चारला की बटवा सूत्रधाराच्या हातात जातो. हे प्रकरण मी फार सांभाळून लिहिलं. बेस जंपिंगमध्ये माणसं खरोखर गेली आहेत, आणि कुणाच्या मरणावर माझ्या घरात टाळ्या पडायला नकोत. पात्र गेलं तर त्या रात्री तिथेच थांबायचं, असा नियमच आहे.

सध्या पॅराग्लायडिंगपाशी अडले आहे. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि तिच्यावर पंख तरंगतो, म्हणजे तिथे बटवा भरतही जायला हवा. पण पहिल्या चाचणीत तो इतका भरला की कुणी खाली उतरेचना. आता दुपार कलली की भर कमी होत जाते, असं करून पाहते आहे. या हवेसाठी मात्र मला नागपूर सोडून कुठे जावं लागत नाही. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी गच्चीवर डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसलं की घारी दिसतात. काल दीड तास बसलो होतो. कोणती घार पंख न हलवता किती वेळ राहते ते मी मोजत होते आणि भाचा वहीत लिहून घेत होता.